पाणी तापले, मुशी कुठे गेली?

मागच्या महिन्यात आमच्या घरी एक छोटासा प्रसंग घडला. बाजारातून मोरीची दोन लहान नगे आली होती. मुंबई-रायगडकडे हिला मुशी म्हणतात, रत्नागिरीच्या खाली मोरी. गरम पाणी टाकून तिची खरखरीत कातडी खरवडायचे काम चालू होते. घरातला दहा वर्षांचा मुलगा बाजूला उभा राहून पाहत होता. त्याने विचारले, "हा शार्कच आहे ना? मग टीव्हीवरचा शार्क एवढा मोठा आणि आपला एवढासा का?" दादी म्हणाल्या, "आमच्या लहानपणी आपल्याकडेही मोठ्या यायच्या. दोन माणसांना उचलायला लागायची एक. आता येत नाहीत." लगेच पुढचा प्रश्न आला, "मग त्या गेल्या कुठे?"

दादींनी खांदे उडवले आणि आमच्याकडे पाहिले. आम्हालाही चटकन उत्तर देता आले नाही. या सदरातून दर महिन्याला आम्ही वाचकांना काही ना काही सांगत असतो आणि घरातल्या मुलाच्या प्रश्नावर मात्र गप्प बसलो, याची थोडी लाज वाटली. म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता कळले की "शार्क कुठे गेले" हा प्रश्न आज जगभरचे जाणकार विचारत आहेत आणि त्याच्या उत्तरात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. एक, माणसाचे जाळे. दुसरी, समुद्राच्या पाण्याची उष्णता. जाळ्याची गोष्ट बरीचशी सर्वांना ठाऊक आहे. उष्णतेची कमी लोकांना ठाऊक आहे. आज मुख्यतः तिच्याबद्दल बोलू.

ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते ती आपल्यापासून फार दूर, अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात. नकाशात पाहिले तर फ्लोरिडा हे समुद्रात घुसलेल्या बोटासारखे दिसते. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर पाम बीच नावाचा जिल्हा आहे. तिथे किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा अगदी अरुंद आहे आणि गल्फ स्ट्रीम हा उबदार पाण्याचा मोठा प्रवाह किनाऱ्याच्या फार जवळून वाहतो. त्यामुळे उत्तर-दक्षिण ये-जा करणाऱ्या माशांना किनाऱ्याला चिकटूनच जावे लागते. रुंद रस्ता एकदम बोळात शिरावा तशी ही जागा आहे. आणि बोळाच्या तोंडाशी उभे राहिले की जाणारे-येणारे मोजणे सोपे जाते.

हिवाळ्यात या बोळात एका जातीच्या शार्कची प्रचंड गर्दी होते. त्याच्या परांची टोके काळी असतात, म्हणून इंग्रजीत त्याला 'ब्लॅकटिप' म्हणतात. लांबी साधारण दीड मीटर, म्हणजे जवळजवळ माणसाएवढी. हीच जात आपल्या अरबी समुद्रातही आहे, त्यामुळे ही पाहुण्याची नव्हे तर आपल्या ओळखीच्याची कहाणी आहे असे समजायला हरकत नाही.

फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठातले स्टीफन काजिउरा आणि त्यांचे सहकारी २०११ ते २०१४ अशी चार वर्षे साधारण दर पंधरवड्याला एक लहान विमान घेऊन या किनाऱ्यावरून उडत राहिले. विमानाच्या खिडकीला कॅमेरा लावलेला. बोका रॅटनपासून जुपिटरपर्यंतचा पाऊणशे किलोमीटरचा किनारा आणि त्यापासून समुद्रात फक्त २०० मीटरपर्यंतचा पट्टा, एवढेच चित्रीकरण करायचे. नंतर पडद्यावर पाहून एकेक शार्क मोजायचा. ऐकायला सोपे वाटते, पण डोळे थकवणारे काम आहे. गर्दीच्या दिवशी पाण्यात काळे ठिपके असे पसरलेले असतात की जणू कुणी परातीत मिरे सांडले आहेत.

२०११ मध्ये एका दिवशी त्या अरुंद पट्ट्यात १२,१२८ शार्क मोजले गेले. दर चौरस किलोमीटरला सुमारे ८०० शार्क! लोक किनाऱ्यावर ऊन खात पडलेले आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर हजारो शार्क पोहत असलेले. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

ही गर्दी जानेवारी ते मार्च या काळात असते. एप्रिल-मे उजाडला की ती अशी ओसरते की शिखराच्या जेमतेम एक टक्का शार्क उरतात. पुढच्या जानेवारीपर्यंत किनारा जवळपास रिकामा. काजिउरा यांच्या नोंदींतून याची किल्लीही सापडली. पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तरच मोठ्या संख्येने शार्क दिसतात. पाणी जितके गरम, शार्क तितके कमी. हवेचा दाब पाहिला, त्याचा काही संबंध दिसला नाही. पाण्याच्या उष्णतेचा संबंध मात्र ठळक दिसला.

आता मुलांना नेहमी पडणारा प्रश्न. माशाला एवढे काय होते एक-दोन अंशांनी? आपण तर पंचवीस अंशांत शाल शोधतो आणि चाळीस अंशांत घामाघूम होऊनही कामाला जातो.

फरक शरीराच्या रचनेत आहे. आपल्या अंगात स्वतःची भट्टी आहे. बाहेर थंडी असो की उन्हाळा, आतले तापमान सदतीस अंशांच्या आसपास राहते. बहुतेक शार्कांच्या अंगात अशी भट्टी नसते. त्यांचे अंग भोवतालच्या पाण्याइतकेच गरम किंवा गार असते. पाणी तापले की अंग तापते, अंग तापले की आतले सगळे व्यवहार वेगाने चालू लागतात. हृदय जोरात चालते, अन्न लवकर पचते, भूक लवकर लागते. थंड रक्ताच्या प्राण्यांत पाणी दहा अंशांनी तापले तर शरीराचा खर्च ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे घरात कमाई तीच आणि खर्च दुप्पट. असा संसार किती दिवस चालणार?

त्यात दुसरी अडचण. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणजे ज्या वेळी शरीराला जास्त श्वास हवा, त्याच वेळी पाण्यात श्वास कमी. ब्लॅकटिपसारखे शार्क तोंड उघडे ठेवून सतत पोहतात आणि पाणी कल्ल्यांवरून वाहत ठेवतात, तसाच त्यांचा श्वास चालतो. एका जागी बसून विसावा घेणे त्यांना परवडत नाही. म्हणून गैरसोयीचे पाणी सोडून पुढे निघणे हाच त्यांचा उपाय.

तिसरी गोष्ट पोटाची. शार्क ज्या लहान माशांवर जगतात ते मासेही पाण्याची उष्णता पाहून हलतात. थवे पुढे, शार्क मागे. शिवाय दिवस लहान-मोठा होणे, पिल्ले जन्माला घालायची ठरलेली जागा, यांचाही या प्रवासात हात असतो. तापमान हे एकटे घड्याळ नव्हे, पण सर्वांत मोठा काटा त्याचा आहे.

कुदरतीने काही जातींना वेगळी सोयही दिली आहे. मोठा पांढरा शार्क, माको आणि सामन शार्क यांच्या अंगात रक्तवाहिन्यांची अशी जाळी असते की पोहताना स्नायूंत तयार झालेली उष्णता कल्ल्यांवाटे पाण्यात वाया न जाता आतच फिरत राहते. त्यामुळे सामन शार्क अलास्काच्या गार पाण्यातही शिकार करतो. हातोड्यासारख्या डोक्याच्या एका शार्कची युक्ती तर २०२३ मध्ये उघड झाली. हवाई बेटांजवळ हा शार्क रात्री ८०० मीटरपेक्षा खोल बुडी मारतो, जिथे पाणी पाच अंशांच्या आसपास असते. बुडी मारताना तो कल्ले मिटून घेतो, म्हणजे चक्क श्वास रोखतो! थंड पाणी कल्ल्यांना लागलेच नाही तर रक्त गार होणार नाही. मोत्यांसाठी बुडी मारणारा पाणबुड्या जे करतो तेच हा मासाही करतो. एकेका अंशाची किंमत या जिवांना किती आहे, ते यावरून समजावे.

पुन्हा फ्लोरिडाकडे येऊ. ब्लॅकटिपचा वर्षाचा हिशेब असा. थंडीत उत्तरेचे पाणी गारठले की दक्षिणेला फ्लोरिडात. वसंतात फ्लोरिडाचे पाणी तापले की परत उत्तरेला, जॉर्जिया आणि कॅरोलिनाच्या किनाऱ्यांवर. तिथल्या खाड्यांत माद्या पिल्ले देतात. मादी वयात यायला सहा-सात वर्षे लागतात. पोटात पिल्लू सुमारे वर्षभर वाढते. एका खेपेला साधारण चार ते सहा पिल्ले आणि खेप वर्षाआड. बांगडा किंवा तारली हजारो अंडी सोडते, त्या मानाने हा हिशेब माशाचा नव्हे, गाई-म्हशींचा आहे. म्हणून शार्कांची संख्या एकदा घटली की भरून यायला पिढ्या लागतात. हे ध्यानात ठेवू, शेवटी त्याचे काम पडणार आहे.

आता हिवाळाच नीट पडला नाही तर? दक्षिण फ्लोरिडाचे पाणी २५ अंशांच्या खाली उतरलेच नाही किंवा थोडेच दिवस उतरले, तर शार्कांना एवढ्या खाली येण्याचे कारण राहत नाही. ते उत्तरेलाच थांबतात. उबदार हिवाळ्यांत पाम बीचच्या किनाऱ्यावर संख्या चांगलीच रोडावल्याचे याच संशोधकांनी पाहिले आहे. दुरून येणारा पाहुणा एखाद्या वर्षी आला नाही तर यजमानाचे काय बिघडते, असे कुणी म्हणेल. पण शार्क हा नुसता पाहुणा नाही. तो थव्यातले आजारी, मंद, लंगडे मासे वेचून खातो. थवा निरोगी राहतो, कुठल्याही एका जातीचा अतिरेक होत नाही. झाडूवाला महिनाभर न आल्यावर मोहल्ल्याची काय दशा होते ते आपण सगळे जाणतो. समुद्राचा झाडूवालाही गैरहजर राहिला की परिणाम हळूहळू, पण खालपर्यंत पोहोचतो.

आणि ही एकाच जातीची गोष्ट नाही. त्याच किनाऱ्यावरच्या वाघ्या शार्कांवर, ज्यांना अंगावरच्या पट्ट्यांमुळे 'टायगर शार्क' म्हणतात, मियामीतल्या संशोधकांनी काम केले. शार्कांच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारी यंत्रे बसवली आणि मच्छीमारांनी सुमारे चाळीस वर्षे जमवलेल्या नोंदीही सोबत ताडून पाहिल्या. २०२२ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाणी नेहमीपेक्षा एक अंशाने गरम असलेल्या काळात हे शार्क सुमारे ४०० किलोमीटर अधिक उत्तरेला जातात आणि तिथे सुमारे १४ दिवस लवकर पोहोचतात. एक अंश म्हणजे चारशे किलोमीटर! मुंबईहून सावंतवाडीपर्यंतचे अंतर धरा जवळपास.

यातला खरा धोका पुढेच आहे. शार्कांच्या रक्षणासाठी सरकारने समुद्रात काही हद्दी आखलेल्या असतात, तिथे मासेमारीवर निर्बंध असतात. हद्द कागदावर आखली की ती तिथेच राहते. शार्क मात्र पाण्याबरोबर सरकतो. त्याच पाहणीत दिसले की उत्तरेला सरकलेले वाघ्या शार्क या सुरक्षित हद्दींच्या बाहेर जास्त काळ राहू लागले आहेत आणि त्यामुळे मासेमारीत सापडण्याची शक्यता वाढली आहे. बांधलेल्या कुंपणातून गुरे बाहेर गेली नाहीत, चराऊ रानच कुंपणाबाहेर सरकले, असा हा प्रकार आहे.

उत्तर कॅरोलिनात पॅम्लिको साउंड नावाची मोठी खाडी आहे. तिथला सरकारी मत्स्य विभाग वर्षानुवर्षे ठरावीक जाळी टाकून माशांची नोंद ठेवतो. २०११ च्या आधी त्या खाडीत बुल शार्कची पिल्ले क्वचितच सापडत. त्यानंतर ती दरवर्षी सापडू लागली. उन्हाळ्याच्या सुरुवातीचे खाडीचे पाणी अधिक गरम आणि थोडे खारट होत गेले, तसे माद्यांनी तिथे नवे बाळंतघर मांडले. म्हणजे उष्णता कुठे शार्क कमी करते तर कुठे वाढवते. बातमी वाचताना "शार्क वाढले" किंवा "शार्क संपले" यांतले एकच वाक्य उचलून चालत नाही. बऱ्याचदा ते फक्त घर बदलत असतात.

अमेरिकेच्या दुसऱ्या, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर २०१४ ते २०१६ या काळात समुद्राला जणू ताप भरला होता. त्या वेळी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोमट पाण्यात राहणारी मोठ्या पांढऱ्या शार्कची पिल्ले कित्येक कोस उत्तरेला मॉन्टेरेच्या उपसागरात पोहोचली. एरवी तिथले पाणी त्यांना फार गार. तिथे समुद्री पाणमांजरांची वस्ती आहे. शार्क पाणमांजर खात नाही, पण काय आहे ते पाहायला एकदा चावतो आणि तेवढ्याने ते बिचारे मरते. शार्कच्या चाव्याने मेलेली पाणमांजरे अधिक सापडू लागली. पाहुणा नवा, यजमान बेसावध. जो कुणाचा वैरी नव्हता त्याच्यामुळे दुसऱ्याचा जीव गेला.

इथवर वाचून वाटेल की मग सोपे आहे, पाणी तापले की शार्क थंड दिशेला सरकतील आणि सुखाने राहतील. पण समुद्र इतका सरळ नाही. मार्च २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विपरीतच घडले. तिथे अगुल्हास नावाचा उबदार प्रवाह वाहतो. वारे आणि प्रवाह यांच्या खेळामुळे खोलातले थंडगार पाणी अचानक वर आले आणि काही दिवस तिथेच राहिले. उबदार पाण्यावर भरवसा ठेवून आलेले मासे त्यात अडकले. निदान ८१ जातींचे जीव मेले, त्यांत बुल शार्कही होते. संशोधकांनी जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की असे थंड पाण्याचे झटके तिथे अलीकडच्या दशकांत वाढत चालले आहेत. म्हणजे एकीकडे गरम पाणी माशाला पुढे पुढे बोलावते आणि पुढे गेल्यावर वाटेत थंड पाण्याचा सापळा लागतो. समुद्राचा मिजाज बिघडला की तो एकाच बाजूने बिघडत नाही.

आता भीतीबद्दल दोन शब्द, कारण घरात लहान मुले असली की हा प्रश्न येतोच. शार्क किनाऱ्याजवळ आले म्हणजे माणसांवर तुटून पडतील काय? संपूर्ण जगात, कुणी न छेडता, शार्कने माणसाला चावल्याच्या घटना वर्षाला साठ-सत्तरच्या घरात असतात आणि त्यांतले मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ब्लॅकटिप चावतो तो बहुधा गढूळ पाण्यात हातापायाला मासा समजून, आणि सोडून देतो. उलट, या ब्लॅकटिपलाही कुणाची तरी भीती असते. ड्रोनने टिपलेल्या चित्रांत दिसते की मोठा हातोडाडोक्या शार्क पाठीस लागला की ब्लॅकटिप जीव घेऊन गुडघाभर पाण्यात पळतो. मोठ्याला तिथे वळता येत नाही, म्हणून लहान वाचतो. शार्कच्या चित्रपटांनी आपल्या मनात जो राक्षस बसवला आहे, त्याच्याशी या पळणाऱ्या जिवाचे काही नाते नाही. पारडे खरे तर उलट बाजूला झुकलेले आहे. १९७० नंतरच्या पन्नास वर्षांत खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकट माशांची संख्या ७१ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. याचे मुख्य कारण उष्णता नव्हे, बेसुमार मासेमारी.

हेच उत्तर घेऊन आम्ही आमच्या स्वयंपाकघरात परत आलो.

आपला हिंद महासागरही तापतो आहे. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये काढलेल्या अहवालात म्हटले आहे की १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधातल्या हिंद महासागराचे पृष्ठभागाचे पाणी सरासरी एक अंशाने तापले. हे प्रमाण जगाच्या समुद्रांच्या सरासरीहून अधिक आहे. फ्लोरिडात एका अंशाने काय होते ते आपण वर पाहिले. पण दादींच्या लहानपणच्या त्या मोठ्या मोऱ्या केवळ उष्णतेने गेल्या असे म्हणून सुटका करून घेणे बरोबर होणार नाही. ज्या जिवाला वयात यायला सहा-सात वर्षे लागतात, त्याला वयात येण्याआधीच जाळ्यात ओढत राहिलो तर बाजारात मोठा कुठून दिसणार? आपल्या बाजारात येणारी बरीचशी लहान मुशी ही मुळातच छोटी जात आहे, ती पूर्ण वाढली तरी हातभराचीच. पण तिच्याच पाटीत मोठ्या जातींची पिल्लेही असतात. दोघी शेजारी ठेवल्या तर गिऱ्हाइकाला ओळखू येत नाहीत. उष्णता आणि जाळे ही दोन ओझी आहेत. एक ओझे आपल्या एकट्याच्या हातात नाही. दुसरे आहे. आणि ज्या प्राण्याची संख्या भरपूर आहे तो उष्णतेचा मार सोसून घर बदलू शकतो. आधीच मोजके उरलेले तो मार सोसू शकत नाहीत.

काही चांगलेही घडले आहे. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. त्याला २००१ पासून आपल्या देशात वाघाइतकेच कायद्याचे संरक्षण आहे. २०१५ पासून शार्कच्या परांची निर्यात बंद आहे. आणि आपल्या राज्यात मच्छीमाराच्या जाळ्यात व्हेल शार्क, कासव किंवा डॉल्फिन अडकला आणि त्याने जाळे कापून तो जिवंत सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली. कोकणातल्या आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरातले लोक दर्यावर जातात त्यांनी ती जरूर समजून घ्यावी. सोडतानाचे फोटो काढून ठेवावे लागतात, एवढे ध्यानात असू द्या. गरीब नाखव्याने आपले जाळे कापावे आणि तोटाही सोसावा, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होते. तो अन्याय काही अंशी दूर झाला.

स्वयंपाकघरासाठी एक महत्त्वाची गोष्ट. आमच्या नानी बाळंतिणीला आवर्जून मोरीचे कालवण खायला घालत, दूध वाढते म्हणून. अनेक घरांत आजही ही रीत आहे. त्यामागची माया खरी आहे. पण आता आपल्याला आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. समुद्रात विरघळलेला पारा लहान माशातून मोठ्यात, मोठ्यातून त्याहून मोठ्यात साठत जातो आणि शार्क या साखळीच्या टोकाशी बसलेला आहे. जितका मोठा आणि वयस्क शार्क, तितका पारा अधिक. हा पारा गर्भाच्या आणि लहान बाळाच्या मेंदूच्या वाढीला घातक ठरतो. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान मुले यांनी शार्क खाऊच नये, असा स्पष्ट सल्ला दिला आहे. आमच्या भगिनींनी तो मनावर घ्यावा. बाळंतिणीला मासा द्यायचाच तर तारली द्यावी. ती स्वस्त आहे, पौष्टिक आहे, पारा अगदी कमी आणि तिची पैदासही भरभर होते. नानींची माया तीच राहील, फक्त कालवणातला मासा बदलेल.

बाकीच्यांनी मोरी कधीच खाऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. दर्यावर ज्यांचे पोट आहे त्यांचाही विचार करायला हवा. एवढे मात्र करता येईल. मावशीला विचारावे, ही लहान जात की मोठीचे पिल्लू? तिची नजर तयार असते, ती सांगेल. पिल्लू असेल तर दुसरा मासा घ्यावा. चार घरांनी विचारले की पाटीवाली लिलावात विचारेल, तिने विचारले की नाखवा ऐकेल.

त्या रात्री जेवताना आम्ही मुलाला हे सगळे त्याच्या भाषेत सांगितले. विमानातून मोजलेले बारा हजार शार्क त्याला फार आवडले. श्वास रोखून बुडी मारणाऱ्याची नक्कल करताना त्याने गाल फुगवले आणि दादींना ठसका लागेपर्यंत हसवले. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "म्हणजे त्या मोठ्या मुश्यांपैकी काही दुसरीकडे गेल्या आणि काही आपण खाल्ल्या."

दादींनी त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "हो बाळा. काही आम्हीच खाल्ल्या."

या शनिवारी तो आमच्याबरोबर बाजारात आला होता. मावशीच्या पाटीसमोर उकिडवा बसून त्याने एक मुशी उलटून पाहिली आणि विचारले, "मावशी, ही मोठी होणार होती का?" मावशी आधी हसली. मग तिने खरेच वाकून पाहिले. म्हणाली, "ही होणार होती रे." आम्ही त्या दिवशी बांगडे घेऊन आलो.